आधी कोणाला सोडावे?

म्हैसूर येथे 1935 साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपले खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले. त्या केंद्राच्या लहरी एकाने ऐकल्या काय किंवा हजारांनी, त्या अपुऱ्या पडत नसत. संगणकांच्या जाळ्याचे तसे नाही. तेथे बहुधा प्रत्येकासाठी माहितीची निराळी पुडकी निघतात आणि सारी एकाच नाक्यावर येऊन थबकतात.

छायाचित्र दोन सेकंद उशिरा आले, तरी कोणाचे अडत नाही. बोलणे मात्र 150 सहस्रांश सेकंदांहून फार रेंगाळले, की दोघेही एकदम बोलू लागतात, आणि मग दोघेही गप्प बसतात! म्हणून 1998 मध्ये असा संकेत ठरला, की पुडक्याच्या माथ्यावर सहा बिटांची खूण असावी आणि ती पाहून नाक्यावरच्या यंत्राने कोणास आधी सोडायचे ते ठरवावे.

गोम अशी, की या व्यवस्थेने वाट तसूभरही रुंद होत नाही. एक पुढे गेला की दुसरा मागे पडतोच. शिवाय, प्रत्येकाने आपल्याच पुडक्यावर 'तातडीचे' असे लिहिले तर? म्हणून जाळ्याच्या वेशीवर खुणा तपासतात, प्रसंगी पुसतातही. बोलण्याला अग्रमान देणे मला रास्त वाटते. पैसेवाल्याच्या बोलण्याला देणे नव्हे. मजकूर पाहून निराळे दर आकारण्यास आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2016 मध्ये मनाई केली, ती याच वादातून.