वाहतुकीचे नियम आणि लोकमानस

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वाहतुकीच्या नियमांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दोन ठराविक वाटांनी जाते. एक पक्ष म्हणतो की आपल्या लोकांना शिस्तच नाही. दुसरा म्हणतो की जबर दंड बसवा, म्हणजे सगळे सरळ होतील. पहिल्या पक्षाचा वक्ता 'आपल्या लोकां'तून स्वतःला अलगद वगळून बोलत असतो आणि दुसऱ्या पक्षाच्या वक्त्याच्या मनातला दंड नेहमी शेजाऱ्याला झालेला असतो. या दोन्ही वाटा बाजूला ठेवून लोक नियम पाळतात ते कोठे आणि मोडतात ते कोठे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मुंबईत बेस्टच्या थांब्यावर माणसे रांग लावतात. तेथे पोलीस नसतो, दंड नसतो, तरी मध्येच घुसणाऱ्याला चार माणसे 'ओ, लाइनमध्ये या' असे बजावतात व तोही ओशाळून मागे जातो. हाच मुंबईकर गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघतो. तालुक्याच्या स्थानकात एसटी फलाटाला लागण्यापूर्वीच तिच्या खिडकीतून याचा रुमाल आत गेलेला असतो. कधी रुमालाऐवजी पिशवी, कधी पोटचे पोर! माणूस तोच, मग शिस्त कोठे गेली? एका जागी रांगेत उभे राहिले की आपला क्रम येतो, ही गाडी गेली तर दुसरी येते, हा त्याचा अनुभव आहे. दुसऱ्या जागी पुढची गाडी तीन तासांनी आहे आणि रांग धरणारा मागे राहतो, हाही अनुभवच आहे. आणखी एक गंमत अशी की, खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा मान आत चढलेले प्रवासी सहसा राखतात. कोणत्याही अधिनियमात न लिहिलेला हा कायदा आपला समाज बिनबोभाट पाळतो. तेव्हा आपला माणूस मुळातच नियमांचा वैरी आहे, हे म्हणणे खरे नव्हे. ज्या नियमाची खात्री पटते तो त्याला आपला वाटतो.

खात्री पटविण्याचे काम आज्ञा देणाऱ्याचे असते. या बाबतीत चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्र आजच्या प्रशासनानेही अभ्यासावे असे आहे. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास पावसाळ्याच्या तोंडावर हे पत्र गेले. घोड्यांसाठी साठविलेले दाणा-वैरण जपून वापरा आणि आगीपासून सांभाळा, ही त्यातली आज्ञा. पण पत्र आज्ञेपाशी थांबत नाही. आगट्या पेटतील, कोणी वाऱ्याचा विचार न करता तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात पळवून नेईल, गंजीला आग लागेल, मग घोडी उपाशी मरतील आणि उपाशी सैन्य रयतेला उपद्रव देईल, असा कार्यकारणाचा सारा धागा त्यात उलगडून दाखविला आहे. शब्द आज्ञार्थी आहेत, जरबेचे आहेत. तरी वाचणाऱ्या हवालदाराला ही गोष्ट का करावयाची हे पुरते कळते. आपल्या आजच्या फलकांवर आणि परिपत्रकांवर 'का' हा शब्द शोधूनही सापडत नाही.

हेल्मेटचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला व त्याच्या कलम १२९ ने दुचाकीस्वाराला शिरस्त्राण बंधनकारक केले. म्हणजे नियमाचे वय तीन तपांच्या घरात गेले. तरीही १ जानेवारी २०१९ पासून पुणे शहरात पोलिसांनी त्याची कसोशीने अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विरोधासाठी मोर्चे निघाले. या सर्व वादात लोकांच्या व वृत्तपत्रांच्या तोंडी शब्द होता 'हेल्मेटसक्ती'. डाव्या बाजूने वाहन चालविण्याला कोणी 'डावीकडची सक्ती' म्हणत नाही, तिकीट काढण्याला 'तिकीटसक्ती' म्हणत नाही. ज्या नियमाशी मन जडलेले नसते त्याच्याच मागे आपण 'सक्ती' हे शेपूट लावतो. विरोधकांची कारणे सगळीच पोकळ नव्हती. शहरातल्या गर्दीत गाडी वेगाने जातेच कोठे, मान दुखते, ऐकू कमी येते, गाडी लावल्यावर हे ओझे ठेवायचे कोठे, हे प्रश्न रोजच्या अनुभवातून आलेले होते. मात्र केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५० हजार २९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. महाराष्ट्रातील त्या वर्षीच्या मृतांची संख्या १५ हजार २२४ आहे. मान दुखण्याची तक्रार या आकड्यांसमोर टिकत नाही. पण हे आकडे नागरिकाला दंडाची पावती हाती पडण्याच्या आधी भेटले पाहिजेत.

दंडाचे म्हणाल तर त्याचाही अनुभव गाठीशी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या दुरुस्तीने दंड पुष्कळ वाढले. महाराष्ट्रात मात्र ही वाढ जाचक असल्याची भावना उमटली व तडजोड शुल्काचे नवे दर येथे लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. दंडाने धाक बसतो हे खरे. कॅमेऱ्याखाली वेग कमी होतो, कॅमेरा मागे पडला की पुन्हा वाढतो, हेही तितकेच खरे. पूर्वी चौकातल्या 'मामां'ना गाठून 'साहेब, काहीतरी बघा ना' असे म्हणता येई; नाहीच जमले तर कोणा पुढाऱ्याची ओळख काढता येई. यंत्राला ओळख लागत नाही, हा मोठा गुण होय. त्यावरही तोड निघालीच. ई-चलन थकवावे, लोकअदालतीत रक्कम कमी होईल तेव्हा पाहू, असा हिशेब अनेक वाहनधारक उघडपणे सांगतात. येथे पदाधिकारी व अधिकारी यांनी एक गोष्ट कटू असली तरी ऐकून घ्यावी. शासकीय वाटणारी पाटी काचेवर लावलेली खासगी गाडी सिग्नल तोडून जाते, तेव्हा चौकात थांबलेल्या पन्नास माणसांना कायद्याचा एक धडा मिळतो. तो धडा कोणत्याही सप्ताहाच्या भित्तिपत्रकाने पुसला जात नाही.

आता गावाकडे वळू, कारण येथे बसलेल्या बहुतेकांचा रस्ता तोच आहे.

गावातून जाणारा रस्ता रुंद होतो, डांबर गुळगुळीत होते आणि वाहनांचा वेग वाढतो. एक दिवस शाळेतून घरी येणारे पोर गाडीखाली सापडते. संतापलेले गाव रस्ता रोखते. अधिकारी येतात, आश्वासने देतात, जातात. त्याच रात्री किंवा फार तर आठवड्याने गावातले तरुण मुरूम, खडी, डांबर गोळा करून रस्त्यावर आडवा बांध घालतात. त्यावर रंग नसतो, अलीकडे सूचनाफलक नसतो. कायद्याच्या भाषेत हे अनधिकृत बांधकाम होय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा लागतो. गावाने घातलेला बांध पुष्कळदा हातभर रुंद आणि गुडघ्याकडे झुकणारा असतो. मग अंधारात मागच्या आसनावर बसलेली एखादी माउली उसळून पडते आणि ज्या बांधाने एक पोर वाचवायचे होते तो दुसऱ्याच घरात दुःख नेतो.

या प्रसंगात नियम मोडला कोणी? वाहनचालकाने वेगाचा मोडला, गावाने बांधकामाचा मोडला. परंतु शाळेपुढे फलक, पट्टे आणि ओलांडण्याची जागा देणे हेही कोणाचे तरी कर्तव्य होते. अर्ज केव्हाचा पडून होता, या तक्रारीत अनेकदा तथ्य असते. चौपदरी महामार्गाचेही असेच. घर एका अंगाला, शेत दुसऱ्या अंगाला आणि वळण्याची जागा दीड-दोन किलोमीटर दूर. मग शेतकरी मोटारसायकल उलट्या दिशेने घालतो, दुभाजकाच्या दोन फरश्या कोणीतरी रातोरात काढतो. उलट दिशेने जाणे प्राणघातक आहे, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. तथापि भुयारी मार्ग कोठे काढावा हे ठरविताना बैलगाडी कोणत्या बाजूला जाते हे कोणी विचारले होते काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. ज्याला विचारलेच गेले नाही त्याच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा करणे सोपे असते, पदरात काही पडत नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक मुद्दा वेगळा काढला पाहिजे. नववी-दहावीतली मुले स्कूटर घेऊन शाळेत येतात. गाडी शाळेच्या फाटकाआत लावू नये असा नियम असतो, म्हणून ती शेजारच्या बोळात लावली जाते आणि सर्वांचे समाधान होते! अठरा वर्षांखालील मुलाला गिअरची गाडी चालविता येत नाही. सोळा पूर्ण झालेल्याला पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी परवाना काढून चालविता येते, पण तसल्या गाड्या आता रस्त्यावर विरळाच. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ही शेवटची बाब पालकसभेत सांगून पाहावी. कैदेची भीती ज्यांना वाटत नाही असे वडीलही मुलाची सात वर्षे जाणार म्हटल्यावर विचारात पडतात.

कायदा पुढे गेला आणि लोकसमज मागे राहिला, असेही घडते. अपघातग्रस्ताला उचलले तर पोलिसांचे लचांड मागे लागते, ही समजूत एके काळी अनुभवसिद्ध होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली व पुढे कलम १३४-अ अधिनियमात आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. (येथे 'सक्ती' हा शब्द योग्य जागी आला आहे.) परंतु ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे कलम कधी लिहिलेले दिसत नाही. दंडाची कलमे मात्र पाठ असतात.

स्वतःच्या संमतीने केलेला कायदा लोक किती कठोरपणे पाळू शकतात, हे पाहण्यासाठी रस्ता सोडून थोडे शिवारात जावे लागेल. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणाचे गाव. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली; पुढे शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याचा नियम केला. पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आधी माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूला काढले जाते आणि उरलेल्यावर पिके ठरतात. ज्याच्या शेतात पाणी आहे त्यानेही ऊस लावायचा नाही, हा नियम दंडाच्या नियमाहून कितीतरी कडक आहे. तरी तो टिकला. त्याचे गणित सर्वांसमोर फळ्यावर मांडलेले असते आणि तो सरपंचाच्या शेतालाही तेवढाच लागू असतो. रस्त्यावर हा प्रयोग जसाच्या तसा चालणार नाही. महामार्गावरून जाणारा चालक त्या ग्रामसभेचा सदस्य नसतो. पण गावच्या हद्दीतील निम्मी वाहने तरी गावचीच असतात.

ऊसपट्ट्यातील गावांना याची सुरुवात कोठून करावी हे शोधावे लागणार नाही. हंगामात रात्री-अपरात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात. मागे दिवा नसतो, वर ऊस बाहेर आलेला असतो, आणि टेपवरील गाण्याच्या आवाजात मागच्या गाडीचा भोंगा चालकाला ऐकू येत नाही. चाक निखळले की ट्रॉली तशीच रस्त्यात उभी केली जाते आणि सावधगिरीचा इशारा म्हणून दोन दगड ठेवले जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तकांची तरतूद १९८९ पासून आहे. लाल परावर्तक पट्टीला येणारा खर्च एका टायरच्या पंक्चरहून फारसा अधिक नाही. ट्रॉलीचा मालक बहुधा गावातलाच, ऊस गावातलाच, आणि कारखान्याचा सभासदही गावातलाच.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेनंतर महिन्याभरात गाळप सुरू होते. पट्टी नसलेल्या ट्रॉलीत गावचा ऊस भरावयाचा नाही, असा ठराव त्या सभेत करता येतो. त्याची प्रत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे व परिवहन कार्यालयाकडे देता येते. शाळेपुढील गतिरोधकाची मागणी, मापासह आणि जागेच्या नकाशासह, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठविण्याचा ठरावही त्याच दिवशी होऊ शकतो. ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटविण्याचे काम वरच्या वर्गातील मुले एका दुपारी करू शकतील. पहिली ट्रॉली मात्र सरपंचांची किंवा सदस्यांपैकी कोणाची तरी असावी.