आत्मसंयम आणि फसवणूक

मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये, स्वार्थासाठी केलेला बळाचा किंवा फसवणुकीचा वापर म्हणजे गुन्हा, अशी व्याख्या मांडून खिसेकापू आणि अफरातफर करणारा कारकून यांना एकाच पंक्तीत बसवले. त्यांच्या मते दोघांच्याही कृत्याच्या मुळाशी आत्मसंयमाची उणीव असते. हाताशी आलेल्या लाभापेक्षा पुढे भोगाव्या लागणाऱ्या परिणामांना अधिक वजन देण्याची, मुख्यतः बालपणीच्या संगोपनातून घडणारी कुवत, असा या संज्ञेचा अर्थ. मोहाच्या क्षणी धनादेशावर खोटी सही करणाऱ्याला हा सिद्धांत चपखल बसतो. परंतु वर्षानुवर्षे खोट्या हिशेबवह्या बिनचूक जुळवत राहणारा पांढरपेशा गुन्हेगार त्याच्या चौकटीत मावत नाही, कारण त्याच्याजवळ संयम मुबलक असतो, सचोटी तेवढी नसते.

आत्मसंयमाच्या अंगाने फसणाऱ्याचा विचार त्यानंतर सुरू झाला. क्रिस्टी होल्टफ्रेटर, मायकेल रायझिग आणि ट्रॅव्हिस प्रॅट यांनी फ्लॉरिडातील प्रौढांच्या पाहणीवरून २००८ मध्ये दाखवले, की घरबसल्या दूरस्थ खरेदी करण्याच्या सवयीमुळे माणूस ठकांच्या नजरेत येण्याचा धोका वाढतो, तर जाळ्यात सापडण्याची शक्यता कमी आत्मसंयमाने वाढते. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले, तेव्हा हजारो लोक याच उतावळेपणाने रांगेत उभे राहिले, असे म्हणता येईल. जुन्या गुंतवणूकदारांचा ‘नफा’ नव्यांच्या पैशांतून भागवला जात होता, याची चौकशी करण्याइतकी सवड त्यांच्यापैकी बहुतेकांनी घेतली नाही.

मात्र अलीकडच्या तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकारांत आयुष्यभर पै-पै जपून खर्च केलेले, लोभाचा गंधही नसलेले निवृत्त लोक सापडतात, हे या सिद्धांताला अवघड जाते. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पण पोलीस अधिकाऱ्याचा बनावट वेश घातलेला इसम व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धमकावतो, फोन ठेवू देत नाही, घरच्यांशी बोलू देत नाही, आणि भीतीच्या दडपणाखाली जन्मभराचा संयमही निकामी होतो. येथे संयमाची उणीव मुळात नसतेच, ठक ती घडवून आणतो. म्हणूनच फसलेल्याला हावरट ठरवण्याची समाजाची सवय अन्यायकारक आहे आणि घातकही, कारण १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार जितकी लवकर पोहोचते तितकी रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि नेमक्या त्याच तासांत लाजेने माणूस गप्प बसतो.