समुपदेशनातला 'उपदेश'

(मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यावर, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, २०२३ मध्ये मी इथल्या विद्यापीठात समुपदेशनाच्या एम.ए.ला नाव घातलं. 'आता या वयात?' हे तुम्हा सगळ्यांचं विचारून झालंय, म्हणून त्यावर बोलत नाही.

आपण या विषयाला 'समुपदेशन' म्हणतो. शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय. आणि पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी बजावलं, या सत्रात कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. मी मनात म्हटलं, मग मराठी माणसानं बोलायचं तरी काय!

वर्गात तिघातिघांचे गट. एकानं आपली खरीखुरी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं दोघांकडे बघून टिपणं घ्यायची; मग आळीपाळीनं जागा बदलायच्या. दर आठवड्याला वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्याचा शब्दन् शब्द टाइप करायचा आणि आपल्या प्रत्येक वाक्यापुढे त्याची जात लिहायची: बंद प्रश्न, खुला प्रश्न, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, त्याच्या भावनेचा उल्लेख. कौशल्यं अशी सुटी करून शिकवायची पद्धत ॲलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात बसवली. त्याही आधी, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, कार्ल रॉजर्स संभाषणं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून अभ्यासत होते. मला टेस्टिंगवालीला हे फारच आवडलं. चूक ओळीच्या नंबरासकट दाखवता येते! फक्त यावेळी चुका माझ्या होत्या. पहिल्या वीस मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते, त्यातले नऊ 'का?'चे. 'का' विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो, हे बाईंना सांगावंच लागलं नाही. कागदावर स्वच्छ दिसत होतं.

भावनांच्या शब्दांची एक इंग्रजी यादी मिळाली होती. घरी बसून मी तिचं मराठी करायला घेतलं. आपल्याकडे नोकरी गेली तरी 'वाईट वाटलं' आणि चहा सांडला तरी 'वाईट वाटलं'. पण म्हणून मराठी तोकडी आहे असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. चुटपुट, घुसमट, धास्ती, हुरहूर, कानकोंडं होणं, सगळं आहे. आपण ते स्वतःबद्दल बोलताना वापरत नाही, एवढंच.

आता एका मित्राची गोष्ट, त्याच्या परवानगीनं. २०२३ च्या जानेवारीत, माझा कोर्स सुरू व्हायच्या आधी, त्याचा फोन आला. नोकरी गेलेली. एच-वन-बी असल्यामुळे हातात फार तर ६० दिवस. मी चाळीस मिनिटं बोलले. रेझ्युमे असा कर, अमक्या वकिलाला गाठ, बायकोच्या व्हिसाचं बघ. सल्ले चुकीचे नव्हते हो. तो 'बरं', 'बघतो' म्हणत राहिला. त्याला छप्पन्नाव्या दिवशी कमी पगाराची नोकरी मिळाली, पण मला पुन्हा काही त्याचा फोन आला नाही. कामात असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या सत्रात आत्महत्येच्या धोक्याचा पाठ आला. सरळ, स्पष्ट विचारायचं. विचारल्यानं ते डोक्यात भरतं, ही भीती चुकीची आहे; आडून विचारलं तर मात्र माणसाला निसटायला वाट मिळते. जोड्या करून आम्ही ते वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हटलं, आवाज कापेनासा होईपर्यंत. इंग्रजीत जमलं. परत येताना गाडीत एकटीच मराठीत म्हणून पाहिलं, 'आत्महत्येचा विचार मनात येतो का?' घशातच अडकलं. आमच्या घरी त्या गोष्टीला 'जिवाचं बरंवाईट केलं' म्हणायचे, तेही मुलं झोपल्यावर.

घरी पोचेपर्यंत वाक्य निघालं. त्याच आठवड्यात मी मित्राला फोन लावला. मित्राचं समुपदेशक होता येत नाही, आचारसंहिता त्याबाबत कडक आहे. मैत्रीण म्हणूनच लावला. म्हटलं, "तेव्हा मीच बोलत राहिले. तुला काय होत होतं ते ऐकलंच नाही." तो गप्प. मीही गप्प राहिले, आणि हे मला अजून फार जड जातं. मग त्यानं सांगितलं. सांगलीला वडिलांना महिनाभर कळू दिलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसचे कपडे घालून लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसायचा.

"त्या दिवसांत आत्महत्येचा विचार आला होता का?"

"हो."

"आता येतो?"

"नाही. आता नाही." थोडं थांबून म्हणाला, "त्या दिवशी तुला फोन त्यासाठीच केला होता गं."

मी अजून परवानाधारक नाही. आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, त्यातले ४० प्रत्यक्ष माणसांबरोबर. मग ६०० तासांची इंटर्नशिप. आणि त्यानंतरही देखरेखीखालचं काम, परीक्षा. तेव्हा चहाच्या वेळी मला कुणी बाजूला घेऊन 'जरा आमच्या मुलाशी बोल ना' म्हणू नका. पण अमेरिकेत ९८८ हा नंबर २०२२ च्या जुलैपासून आहे, दिवसरात्र चालतो, तो फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. पुढच्या महिन्यात तिघातिघांच्या गटांचा सराव मी घेणार आहे, दोन तास, मराठीतून. ते वाक्यही म्हणून बघू.