दुसरीतले मूल आणि घरची दहा मिनिटे

आम्ही शिक्षक नव्हे. कामगारांच्या सभा घेण्यात आमची हयात गेली. पगाराचा कागद न वाचता सही करणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांतले बरेच शाळेत जाऊन आलेले होते! म्हणून दुसरीची वही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही.

पाळीवरून दमून आलेला बाप वही उघडतो, आणि ‘दूधात’ या शब्दावर थप्पड बसते. वास्तविक पोराने बुद्धी चालवलेली असते: ‘दूध’ दीर्घ, तर ‘दूधात’ही दीर्घ. त्याला दूध–दुधात, फूल–फुलाला, चूक–चुकीला अशा जोड्या मोठ्याने म्हणत लिहू द्या. प्रत्ययाबरोबर उकार ऱ्हस्व होतो, हे त्याचे त्यालाच सापडेल. (‘रूप’सारखे संस्कृत शब्द दीर्घच राहतात, ते पुढच्या इयत्तांत पाहू.) एका दिवशी एकच चूक घ्यावी. सगळी वही तांबडी केली, की पोर येणारे तेवढेच शब्द लिहू लागते.

वाचन रोज दहा मिनिटे, मोठ्याने. अडखळले तर मनात पाच अंक मोजावेत, मग सांगावे. निरक्षर आईनेही ऐकावे आणि ‘मग काय झाले?’ एवढे विचारावे. लेखनाला वाणसामानाची यादी पुरते: तूरडाळ, गूळ, जिरे. ज्याने लिहिली त्यानेच ती दुकानात वाचून दाखवावी. स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागले नाही, तर तो घरी येऊन ती पुन्हा लिहितो.