भामरागडची बातमी कोण देणार?



पावसाळ्यांत पर्लकोटेचा पूल बुडाला कीं भामरागडची बातमी होते. पाणी ओसरलें, बातमी संपली! शेकडा तेंदूपुड्यांस भाव काय ठरला, मजुरी पुरी हातीं पडली कीं नाहीं, हें विचारावयास कोणी येतो काय?

मुकुंदराव पाटलांनीं 1910 पासून ‘दीनमित्र’ चालविला, तो नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून, पुढें तरवडीहून. 1967 सालीं ते गेले आणि पत्रही थांबलें.

आतां 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें 10 रुपयांच्या अर्जास 30 दिवसांत उत्तर द्यावें लागतें. दारिद्र्यरेषेखालच्यास ते रुपयेही माफ. पण कागद आणून आढ्याला खोंचून ठेवाल तर काय उपयोग? ग्रामसभेंत तो मोठ्यानें वाचा, माडियांत सांगा, आंकडे तारखेसह वहींत उतरवून ठेवा. उद्यां कोणी पत्र काढावयास उठला, तर मजकूर तयार हवा.