भिंतीवर नसलेली नावे

(दाभोळ येथे झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



युरोपात नोकरीनिमित्त राहणारी कोकणातली कुटुंबे सुट्टीत गावी येतात, तेव्हा त्यांच्याजवळ छायाचित्रांचा मोठा साठा असतो. पूर्वी तो अल्बममध्ये असे, आता खिशातल्या फोनमध्ये असतो. त्यात मनोरे असतात, चर्चे असतात आणि युद्धस्मारकेही असतात. मागे दगडात कोरलेल्या नावांच्या रांगा आणि पुढे हसरी मुले. यात गैर काही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छायाचित्रात जे येते ते कोणीतरी आधी उभारून ठेवलेले असते. जे उभारलेच गेले नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही.

लिस्बनला नदीकाठी पोर्तुगीज दर्यावर्दींचे १९६० साली उभारलेले भव्य स्मारक आहे. त्यावर वास्को द गामा आहे, अल्बुकर्क आहे. डिसेंबर १५०८ मध्ये व्हाइसरॉय आल्मेदा याने चौलच्या लढाईत पडलेल्या आपल्या मुलाचा सूड उगवण्यासाठी दीवच्या वाटेवर दाभोळ लुटले, जाळले व रहिवाशांची कत्तल केली. ज्यांच्या आरमारांनी हे बंदर बेचिराख केले त्यांच्या स्मारकापुढे दाभोळचा प्रवासी उभा राहतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही संगती त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

परंतु ही गोष्ट पाच शतकांपूर्वीची झाली. दुसरी अधिक जवळची आहे.

लंडनमध्ये टॉवर हिल येथे व्यापारी जहाजांवरील खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे बारा हजारांची नावे तेथे १९२८ पासून आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे चोवीस हजारांची नावे १९५५ साली जोडली गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांकाठच्या गावांनी ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांना पिढ्यान् पिढ्या सारंग, तांडेल आणि खलाशी पुरवले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. म्हणजे एकूण खलाशांच्या चौथा हिस्सा. हिंदी करारावर भरती झालेल्या या लोकांची नावे टॉवर हिलच्या भिंतींवर नाहीत. नौदल व व्यापारी जहाजे मिळून सहा हजारांहून अधिक मृतांची नोंद मुंबई व चितगाव येथे ठेवलेल्या नोंदवह्यांत करण्यात आली.

मृत्यूमध्ये भेद नव्हता. भेद करारामध्ये होता. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये पाणतीराने बुडाले. सुरक्षिततेसाठी कॅनडाला पाठवण्यात येणाऱ्या नव्वद मुलांपैकी ७७ दगावली. ब्रिटनमध्ये त्यांचा शोक आजही केला जातो, आणि तो रास्त आहे. त्याच रात्री त्याच थंड पाण्यात शंभरच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

जगत असतानाही हिशेब असाच होता. गोऱ्या खलाशाला मिळणाऱ्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा हिंदी खलाशाला मिळे. झोपण्यासाठी जागाही कमी मिळे. १९३९ च्या अखेरीस ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी जहाज हाकारण्यास नकार दिला. कित्येकांना तुरुंगात टाकण्यात आले, तरी वेतनवाढ द्यावीच लागली. कामगार चळवळीच्या इतिहासातील हे पान कोकणातल्या कार्यकर्त्यांनाही अपरिचित राहावे, ही खेदाची बाब होय.

याचे कारण केवळ ब्रिटिशांची उपेक्षा नव्हे. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगतांची नावे सांगणाऱ्यांना साम्राज्याच्या जहाजावर गेलेल्या माणसाचे काय करावे हे उमगले नाही. एकाच गावातला एक मुलगा तुरुंगात आणि दुसरा जहाजावर, असे ते दिवस होते. दुसरा गेला तो साम्राज्यप्रेमाने नव्हे. खाडीकाठच्या तुटपुंज्या भातशेतीवर घर चालत नव्हते म्हणून. पोटासाठी केलेल्या कामात आलेला मृत्यू इतिहासाच्या हिशेबात धरायचा नाही, असे समाजवाद्यांनी म्हणणे शोभणारे नाही.

विस्मरण अपरिहार्य असते, असेही नाही. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र सापडत नाही. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोने या छोट्या गावात घाडगे यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभे राहिले. तब्बल ७९ वर्षांनी का होईना, परक्या देशातल्या एका गावाने ते केले.

दाभोळला स्मारकासाठी एवढे थांबण्याचे कारण नाही. वाशिष्ठीच्या काठावरील जुन्या घरांच्या पेट्यांतून जहाजी नोकरीची पुस्तके, पगाराच्या पावत्या, परदेशी बंदरांतून आलेली पत्रे अजून निघू शकतील. ओल आणि वाळवी त्यांना फार दिवस टिकू देणार नाही. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन त्यांची छायाचित्रे काढावीत. मोहल्ला, वाडी असा भेद न करता नाव, गाव, जहाज आणि साल लिहून ग्रंथालयात ठेवावे. मुंबईतल्या नोंदवहीशी ही यादी ताडून पाहावी. आणि लंडनला राहणाऱ्या भावंडांनी टॉवर हिलचे छायाचित्र गावी पाठवताना एवढेच लिहावे, की या भिंतीवर आपल्याकडची माणसे नाहीत.