ताप उतरल्यावरची नजर

डेंगीचा ताप उतरला की घर हुश्श करतं. आता आमच्याकडे यखनी, शेजारी मऊ भात. आणि नेमकं याच सुमारास, ताप सुरू झाल्यापासून ७-८ दिवसांनी, एखादा रुग्ण म्हणतो, "पेपरातली ओळ दिसते, पण मधली दोन अक्षरं जातात." घरचे सांगतात, अशक्तपणा असेल. हा अशक्तपणा शब्द मोठा सोयीचा! आपण त्यात काहीही कोंबतो.

प्लेटलेट फार खाली जातात त्याच दिवसांत काहींच्या डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. वाचायचं, चेहरा ओळखायचा तो याच मध्यभागाने. कडेचं दिसत राहतं, म्हणून माणूस घरभर नीट फिरतो आणि बिघाड कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत सुधारते. थोड्यांच्या नजरेत डाग राहून जातो. बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

घरी एवढं करावं, एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचावी. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. आकडा मधूनच गळत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जावं, त्याच दिवशी. चष्म्याचं दुकान नंतर.